बंद टीव्ही युनिटमधली उष्णता बाहेर कशी काढायची: मुंबईतल्या घरांसाठी पायरी-पायरीने

आमच्या मुलुंडच्या घरात नवं टीव्ही युनिट करून घेतलं तेव्हा सुताराला मी एकच अट घातली होती: एकही वायर दिसता कामा नये. त्याने ती तंतोतंत पाळली. खाली जमिनीपर्यंत पॅनल, वर लॉफ्टपर्यंत पॅनल, मधे चकचकीत सनमायकाची दोन शटरं. आत सेट टॉप बॉक्स, राउटर, फायबरचा छोटा डबा, जुना एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरना पोचवणारा अॅम्प्लिफायर) आणि या सगळ्यांचे अडॅप्टर. एप्रिल लागला आणि रोज रात्री साडेनऊच्या सुमाराला, नेमकी मॅच रंगात आलेली असताना, सेट टॉप बॉक्स आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. कंपनीचा माणूस बॉक्स बदलून गेला. आठवड्याभरात नव्याचंही तेच. शेवटी घरातला छोटा डिजिटल थर्मामीटर मी आत ठेवला आणि दोन तासांनी शटर उघडलं. खोलीत ३२ अंश होते, आत ४६. उघडताना तोंडावर आलेली ती झळ मला अजून आठवते, इस्त्रीवाल्याच्या टेबलाजवळ उभं राहावं तशी.

बॉक्समध्ये काहीच खराबी नव्हती. त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती, इतकंच. नव्याने टीव्ही युनिट केलेल्या किंवा करायला निघालेल्या प्रत्येकाला हे आधी कळावं असं मला मनापासून वाटतं. प्लाय कापायच्या आधी ठरवलं तर दहा मिनिटांचं काम असतं. नंतर तेच करायला घरभर भुसा होतो.

आपल्याकडे सहाच अंश शिल्लक असतात

घरातल्या बहुतेक उपकरणांच्या माहितीपुस्तिकेत चालण्याचं तापमान ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. प्लेस्टेशन ५ या गेमिंग कन्सोलसाठी ते ५ ते ३५ अंश आहे. हा आकडा उपकरणाच्या पोटातला नाही, त्याच्या भोवतालच्या हवेचा आहे. आता मुंबईचा हिशोब करा. एप्रिल-मेमध्ये बिनएसीच्या हॉलमध्ये दुपारी ३३-३४ अंश सहज असतात. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे गरम वारे सुटतात, समुद्रावरची झुळूक दुपारपर्यंत पोचतच नाही, तेव्हा पारा याच्याही वर जातो. ऑक्टोबरचा उकाडा वेगळाच. म्हणजे ३४ ते ४० एवढीच मोकळीक, सहा अंश. युनिटच्या आतली हवा खोलीपेक्षा सहा अंशांहून जास्त तापली की आपण मर्यादेबाहेर गेलो.

त्यात मुंबईची रात्रही मदत करत नाही. पुण्या-नाशिकला मे महिन्यात पहाटे हवा बरीच उतरते, आपल्याकडे २७ अंशांच्या आसपास रेंगाळते. राउटर तर चोवीस तास चालू. त्याला दिवसात एकदाही थंड व्हायची संधी मिळत नाही.

उष्णतेने होतं काय? सेट टॉप बॉक्स किंवा गेमिंग कन्सोल स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतं, मग बंद पडतं. हे तरी दिसतं. न दिसणारं नुकसान कपॅसिटरचं. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे ते डोक्यावर चपटे, उभे दंडगोल. त्यांच्याबद्दलचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. जो अडॅप्टर आठ वर्षं चालायचा तो चार वर्षांत जातो, आणि आपण म्हणतो हल्लीच्या वस्तू टिकत नाहीत.

पहिली पायरी: आधी मोजा

काहीही विकत घेण्याआधी हे करा. बाहेर वायरला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात किंवा ऑनलाइन थोडक्या पैशांत मिळतो. प्रोब युनिटच्या आत वरच्या बाजूला लटकवा, उपकरणाला टेकवू नका. आपल्याला हवेचं तापमान हवंय, पत्र्याचं नाही. डिस्प्ले बाहेर ठेवा म्हणजे शटर उघडावं लागत नाही. एरवी संध्याकाळी जे जे चालू असतं ते सगळं चालू करा आणि दोन तास शटर बंद ठेवा.

मग दोन आकडे लिहा, खोलीचा आणि आतला. महत्त्वाचा आहे तो त्यांच्यातला फरक. नुसतं आत ३७ अंश आहे म्हणून काही कळत नाही. खोली २५ वर असताना आत ३७ असेल तर मेमध्ये तेच युनिट ४५ ओलांडेल.

माझा अनुभव असा. फरक ४-५ अंशांच्या आत असेल तर हात लावू नका. ६ ते १० असेल तर सामान नीट लावून आणि हवेला वाट करून काम भागतं. १० च्या वर गेला तर बहुधा पंखा लागतो. एसी लावून मोजू नका, मोजायचंच असेल तर दोन्ही वेळा मोजा. हॉलला एसी आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच असतात, पण दिवसभर घर बंद असताना एसी बंद आणि राउटर चालूच असतो.

दुसरी पायरी: आत किती वॅटची शेगडी आहे ते बघा

उपकरण जेवढी वीज खातं तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. राउटरने इंटरनेट दिलं, बॉक्सने चित्र दिलं, तरी वॅट तेवढेच राहतात. त्यामुळे वॅटची बेरीज म्हणजेच उष्णतेची बेरीज.

ढोबळ आकडे असे धरा. राउटर ६ ते १२ वॅट, फायबरचा डबा ५ ते १०, सेट टॉप बॉक्स १० ते २०, टीव्हीच्या मागे लागणारी स्ट्रीमिंग स्टिक ३ ते ५. एव्ही रिसीव्हर नुसता चालू असला, आवाज अगदी हळू असला, तरी ४०-६० वॅट खातो, आणि मोठ्या आवाजात १०० च्या पुढे जातो. प्लेस्टेशन ५ वर मोठा गेम चालू असेल तर २०० वॅटच्या आसपास. उपकरणामागच्या लेबलवरचा आकडा बहुतेक वेळा कमाल मर्यादेचा असतो, रोजचा वापर त्यापेक्षा कमी भरतो.

राउटर, फायबरचा डबा आणि सेट टॉप बॉक्स मिळून ३५-४० वॅट होतात. रिसीव्हर धरला की ९०. आपल्याकडे पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा, तो पेटता ठेवून कोणी कपाटाचं दार लावलं असतं का? आणि प्लाय काही लोखंडासारखा उष्णता बाहेर टाकत नाही. १८ मिलिमीटरचा प्लाय, वर सनमायका, मागे भिंत, ही उष्णता धरून ठेवायचीच रचना आहे.

तिसरी पायरी: फुकटात होणारी कामं

एकावर एक रचलेली उपकरणं सुटी करा. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे रिसीव्हर खाली आणि त्याच्या पाठीवर सेट टॉप बॉक्स. रिसीव्हरच्या वरच्या पत्र्याला जाळी असते ती उष्णता बाहेर पडायलाच, आणि आपण नेमकी तिच्यावरच दुसरी वस्तू ठेवतो. खालच्याचा घाम वरच्याला. रिसीव्हरच्या वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, जास्त असली तर उत्तम. प्लेस्टेशनसाठीही बनवणाऱ्यांनी भिंतीपासून १० सेंटिमीटर अंतर सांगितलं आहे.

सगळ्यात तापणारं उपकरण सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. गरम हवा वर जाते. रिसीव्हर तळाला ठेवलात तर वरची सगळी उपकरणं त्याच्या हवेत शेकतात.

बॉक्सवर घातलेलं विणलेलं आच्छादन, त्याच्यावरची फोटोफ्रेम, शोभेची प्लास्टिकची फुलं, हे सगळं काढा. आईने हाताने विणलेलं असलं तर सोफ्याच्या पाठीवर छान दिसेल. ड्रॉवरमध्ये बसत नाहीत म्हणून इथे कोंबलेली बिलं आणि जुन्या सीडीही हलवा, त्या हवेची वाट अडवतात.

वीज गेल्यावर राउटर चालू राहावा म्हणून बरेच जण छोटा यूपीएस बसवतात. त्याच्या आत लिथियमची बॅटरी असते, आणि या बॅटऱ्यांना उष्णता अजिबात सोसत नाही. फुगतात. तो यूपीएस युनिटच्या बाहेरच ठेवा, यात तडजोड नको. जमलं तर राउटरही बाहेर काढा. त्याची उष्णता जाते आणि आतल्या खोलीत वायफायही सुधारतं.

इतकं करून पुन्हा मोजा. आमच्याकडे नुसता रिसीव्हर वर आणि राउटर बाहेर केल्यावर फरक १४ वरून १० वर आला होता. एक रुपयाही खर्च न करता.

चौथी पायरी: खालून आत, वरून बाहेर

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. पंखा नंतर. हवेला यायला एक वाट आणि जायला एक वाट लागते, आणि त्या दोन वाटांमध्ये उंचीचा फरक लागतो. गरम हवा हलकी होऊन वरच्या वाटेने निघते, तिच्या जागी खालच्या वाटेने गार हवा येते. जुन्या घरांमधलं धुराडं याच तत्त्वावर चालायचं.

पाठच्या प्लायला वायरींसाठी एक ६० मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं, आणि सुतार सांगतो, 'ताई, हवा खेळायला जागा ठेवलीये.' त्या एका भोकाचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस सेंटिमीटर, त्यातूनही अर्धं वायरींनी भरलेलं. शिवाय एकाच भोकातून हवा आत येणार कशी आणि बाहेर जाणार कशी? बाटलीला एकच तोंड असलं की पाणी कसं गचके खात पडतं, तसंच हे.

आत ५०-६० वॅटपर्यंत उपकरणं असतील तर खाली १५० चौरस सेंटिमीटर आणि वर तेवढीच उघडी जागा द्या. आकडा मोठा वाटतो, पण २ सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर लांब अशी एक फट म्हणजे १५० चौरस सेंटिमीटर. युनिटच्या तळाशी पट्टी असते, तिच्यात ही फट बसते आणि उभ्या माणसाला दिसतही नाही. वरची फट शटरच्या वरच्या पट्टीत द्यायची, किंवा शटरच फ्रेमपेक्षा २ सेंटिमीटर आखूड करायचं.

वरची वाट कुठे उघडते याकडे खास लक्ष द्या. मुंबईतली युनिटं जागा वाचवायला भिंतीला चिकटून आणि छतापर्यंत केलेली असतात. पाठीमागून वरच्या बाजूला भोकं पाडली, पण प्लाय आणि भिंत यांच्यात बोटभरही अंतर नसेल आणि वर लॉफ्टचं बूड असेल, तर गरम हवा जाणार कुठे? ती तिथेच कोंडते आणि खालच्या भोकांतून परत आत येते. अशा युनिटमध्ये पाठ सोडून द्या आणि दोन्ही वाटा समोरच्या बाजूला काढा. युनिट अजून बनवायचं असेल तर सुताराला सांगून पाठीमागे ५ सेंटिमीटर जागा सोडा आणि ती वर हॉलमध्ये मोकळी उघडेल असं बघा. भिंत बाहेरची असेल आणि पावसाळ्यात ओल येत असेल तर हे अंतर दोन्ही दृष्टींनी हवंच.

मधल्या फळ्या विसरू नका. फळी पाठीपर्यंत पूर्ण भिडलेली असेल तर प्रत्येक कप्पा वेगळी बंद पेटी होतो, खालची फट आणि वरची फट यांचा एकमेकींशी संबंधच राहत नाही. फळी मागून ५ सेंटिमीटर आखूड करा, किंवा फळीला मागच्या कडेला भोकं पाडा.

शटर नव्याने करणार असाल तर वेताच्या जाळीचं शटर मला सगळ्यात आवडतं. दिसतं सुंदर, हवा आरपार जाते आणि रिमोटची किरणंही बऱ्यापैकी पोचतात, म्हणजे रिमोटसाठी वेगळा सेन्सर बाहेर काढायची गरज सहसा पडत नाही. आरशाचं किंवा पत्र्याचं शटर मात्र टाळा, ते हवाही अडवतं आणि वायफायही.

कापण्याआधी एक काळजी. टीव्हीच्या मागच्या भिंतीत कन्सील्ड, म्हणजे प्लास्टरखाली लपवलेलं, वायरिंग असतं. ड्रिल लावण्याआधी बोर्डापासून वायर कुठून गेली आहे ते इलेक्ट्रिशियनला विचारा आणि वीज तोडणारा एमसीबीचा खटका खाली करा. युनिट एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं, असेल तर कापलेली कच्ची कड तशीच ठेवू नका, पावसाळ्यातल्या दमटपणाने ती बिस्किटासारखी फुगते. पॉलिश, रंग किंवा एज बँडची पट्टी लावून कड बंद करा. प्लायलाही हे केलेलं बरं.

झुरळं आणि पाली हा खरा प्रश्न आहे, उबदार जागा त्यांना आवडते. प्रत्येक फटीला बारीक जाळी लावा. पण जाळीच्या तारा स्वतःच जागा खातात. मच्छरदाणीच्या जाळीतून हवेला निम्मीच वाट उरते असं धरून फट दुप्पट ठेवा.

झालं की उदबत्ती पेटवून खालच्या फटीसमोर धरा, हॉलचा पंखा बंद ठेवून. धूर फटीकडे ओढला जाऊन आत शिरला तर वाट चालू आहे. सरळ वर गेला तर कुठेतरी अडलंय.

पाचवी पायरी: पंखा, गरज असेल तरच

आत रिसीव्हर किंवा गेमिंग कन्सोल असेल तर नुसत्या फटींनी भागत नाही. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये लागतो तो १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा यासाठी घ्या. छोटा ८० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरतो आणि किणकिणतो. मोठा पंखा हळू फिरवला की रात्रीच्या शांततेतही ऐकू येत नाही.

किती हवा लागेल याचं सोपं सूत्र आहे: वॅट गुणिले १.७६, भागिले चालणारा अंशांचा फरक. उत्तर सीएफएममध्ये येतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, आणि पंख्याच्या खोक्यावर हाच आकडा छापलेला असतो. समजा ९० वॅट आहेत आणि आपल्याला फरक ६ अंशांवर ठेवायचाय. ९० गुणिले १.७६ म्हणजे १५८, भागिले ६, साधारण २६ सीएफएम. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि अरुंद फटींतून तो निम्म्यावर येतो असं धरा, म्हणजे ५०-५५ सीएफएमचा एक पंखा पुरे. रिसीव्हर आणि प्लेस्टेशन दोन्ही जोरात चालत असतील तर २५०-३०० वॅटची गोष्ट आहे. तिथे एका पंख्याने भागणार नाही. माझं मत विचाराल तर कन्सोल युनिटच्या वर उघड्यावर ठेवा.

पंखे लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, हवे तितके मिळतात. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. तिथे २३० व्होल्टवर थेट चालणारे जड, चौकोनी पंखेही दाखवतील. नवशिक्याने ते घेऊ नयेत. आवाज करतात आणि उघड्या टोकांना घरातली पूर्ण वीज असते. दुकानदाराला बॉल बेअरिंगचा मागा. उष्णतेत आणि आडव्या बसवणीत तो जास्त टिकतो.

पंखा वरच्या वाटेवर, हवा बाहेर फेकेल असा लावा. दिशा ओळखायची खूण सोपी आहे. ज्या बाजूला मोटारला धरणाऱ्या दांड्या आणि स्टिकर दिसतो, हवा सहसा त्या बाजूने बाहेर पडते. बसवण्याआधी कागदाची चिटोरी धरून खात्री करा. स्क्रू थेट लाकडात आवळले तर अख्खं युनिट गुणगुणतं, म्हणून मधे रबरी वॉशर घाला. पंख्याभोवती फट राहिली तर फेकलेली हवा तिथूनच परत आत येते. दाराखिडक्यांना लावायची फोमची पट्टी तिथे चिकटवा.

जोडणीचे दोन मार्ग. सोपा म्हणजे यूएसबीवर चालणारा ५ व्होल्टचा पंखा घेऊन टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावायचा. बऱ्याच टीव्हींमध्ये टीव्ही बंद झाला की हे पोर्टही बंद होतं, म्हणजे पंखा आपोआप टीव्हीबरोबर चालतो. पण टीव्हीचं पोर्ट पुष्कळदा अर्धा अँपियरच देतं. पंख्याच्या स्टिकरवरचा अँपियरचा आकडा त्याच्या आत आहे ना ते बघा, दोन पंखे असतील तर बेरीज करा. शंका असेल तर जुना मोबाइल चार्जर वापरा. दुसरा मार्ग १२ व्होल्टच्या अडॅप्टरचा, लाल वायर धन, काळी ऋण.

थर्मोस्टॅट लावायचा असेल तर

पंखा चोवीस तास फिरवायची गरज नसते. लॅमिंग्टन रोडवरच डब्ल्यू १२०९ नावाचं छोटं थर्मोस्टॅट मॉड्यूल मिळतं, १२ व्होल्टवर चालतं, वायरच्या टोकाला सेन्सर असतो. ठरवलेल्या तापमानाला पंखा सुरू, खाली उतरलं की बंद. ते थंड करण्याच्या मोडवर आहे याची खात्री करा, गरम करण्याच्या मोडवर असेल तर नेमकं उलटं वागेल.

आकडा ठरवताना मुंबई लक्षात ठेवा. गारठ्याच्या देशांतले लोक ३० अंशांवर लावतात. तसं लावलं तर आपला पंखा मार्च ते जून थांबणारच नाही, कारण खोलीच ३३ वर आहे. मी ३७ ला सुरू, ३५ ला बंद असं ठेवलंय.

बोर्ड आणि वायरी

युनिटमधल्या गरमीचा काही भाग एक्स्टेंशन बोर्डाचा असतो, आणि तो धोक्याचा असतो. ढिला बसलेला प्लग तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी. महिन्यातून एकदा वास घ्या आणि बोर्डाला हाताची पाठ लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. तपकिरी डाग किंवा जळका वास आला तर बोर्ड त्याच दिवशी बदला. बोर्डाला बोर्ड जोडू नका. उरलेली वायर गुंडाळून घट्ट बांधू नका, सैल ठेवा. अडॅप्टर एकमेकांना चिकटून बसत असतील तर लांब अंतराच्या सॉकेटचा बोर्ड लोहार चाळीत मिळतो.

भाड्याचं घर असेल तर

भोक पाडता येत नाही, तरी बरंच करता येतं. पाठचा पातळ प्लाय बहुधा चार स्क्रूंवर असतो. तो काढून माळ्यावर ठेवा, घर सोडताना परत लावा. युनिट भिंतीपासून हातभर पुढे ओढा. संध्याकाळी टीव्ही लावताना शटर बोटभर उघडं राहावं म्हणून रबरी स्टॉपर अडकवा. यूएसबीचा पंखा आत नुसता उभा ठेवायचा असेल तर तो मागच्या मोकळ्या बाजूकडे तोंड करून ठेवा. बंद पेटीत पंखा फिरवला तर तीच गरम हवा घुसळत राहते.

वर्षभर काय सांभाळायचं

पुनर्विकासामुळे आपल्या आजूबाजूला कुठेतरी बांधकाम चालू असतंच, आणि ती करडी, बारीक धूळ जाळीवर गादीसारखी जमते. दर महिन्याला सगळं बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने जाळी झाडा. ब्लोअर वापरताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

पावसाळ्यात वाटा बंद करू नका. दमट हवा आत जाईल अशी भीती वाटते, पण चालू उपकरणाच्या उबेने आतलं वातावरण बाहेरपेक्षा कोरडंच राहतं. एसीचा गार झोत पाइपने थेट युनिटमध्ये सोडायची कल्पना काहींना सुचते, ती मात्र सोडून द्या. गार पडलेल्या पत्र्याला जुलैची हवा लागली की त्यावर पाण्याचे थेंब जमतात.

देवघर टीव्ही युनिटलाच जोडलेलं असेल तर समई आणि निरांजन वरच्या फटीच्या जवळ नको, तेलाची काजळी जाळीत चिकटते आणि ब्रशने निघत नाही. आणि गणपतीत मखर युनिटसमोर मांडत असाल, जागेअभावी आपण बरेच जण तेच करतो, तर मागचा पडदा खालच्या फटीवर येतोय का ते बघा. दीड दिवसाचं ठीक आहे, दहा दिवसांचा गणपती असेल तर पडदा चार बोटं वर बांधा, नाहीतर तेवढे दिवस रिसीव्हर बंद ठेवा.

शटरच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलने नोंद करते: तारीख, खोलीचं तापमान, आतलं तापमान. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मेच्या मध्यावर आणि ऑक्टोबरमध्ये. आमचा फरक आता पाचाच्या आसपास असतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो आठ आला, उपकरणं तीच, मांडणी तीच. खाली वाकून बघितलं तर तळाच्या जाळीवर शेजारच्या इमारतीच्या पाडकामाची धूळ बसली होती, इतकी जाड की नखाने तिच्यावर रेघ ओढता येत होती. जाळी नळाखाली धुतली, वाळवून परत लावली, आणि संध्याकाळी पुन्हा पाच.